हातभर जागेतली बाग ऐसपैस कशी दिसेल?

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांत एक तक्रार पुन्हा पुन्हा होती: झाडं भरपूर लावली, खर्चही केला, तरी बाग कोंडल्यासारखी वाटते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. ज्यांनी मापं कळवली त्यांना नेमकं सांगता आलं. पुढच्या वेळी लांबी-रुंदी, ऊन किती तास येतं आणि बागेत उतरायचं दार कुठल्या कोपऱ्यात आहे, एवढं जरूर लिहा.

प्रश्न : घरामागे १५ बाय २० फुटांची जागा आहे. तिन्ही बाजूंना पाच फुटी पांढरी भिंत, भिंतीलगत फूटभर रुंदीच्या वाफ्यात जास्वंद, गुलाब, तगर, क्रोटन अशी रांग आणि मध्ये लॉन. दिवसभर ऊन असतं. दार डाव्या कोपऱ्यात आहे. सगळं हिरवं असूनही खोक्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. समोरच्या भिंतीवरून अजिंक्यतारा दिसतो. त्या बाजूला आडोशाला अशोकाची चार झाडं लावावीत का?
— वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : अशोक लावू नका. तुमच्या बागेतली सर्वांत मोठी गोष्ट भिंतीपलीकडे आहे आणि ती फुकट मिळालेली आहे. डोंगर दिसतोय तोवर नजर भिंतीपाशी थांबत नाही. अशोक काही वर्षांत भिंतीच्या दुप्पट-तिप्पट उंच होईल, डोंगर झाकेल आणि खोक्याला झाकणच बसेल. शेजाऱ्यांपासून आडोसा हवा असेल तर डोंगरासमोर सहा-सात फुटांची फट मोकळी ठेवा आणि तिच्या दोन्ही अंगांना झाडी वाढवा. भिंतीची वरची सरळ कड मात्र दिसता कामा नये. वेल वीतभर वर येऊ दिली की आपलं हिरवं कुठे संपलं आणि डोंगराचं कुठे सुरू झालं, हे कळेनासं होतं.

आता खोक्याबद्दल. दारात उभं राहिलं की चारही कोपरे आणि सगळी भिंत तुम्हाला एका नजरेत दिसते. बघायचं काही उरतच नाही. भिंतीलगतची फूटभर रांग ही त्या भिंतीला ओढलेली हिरवी किनार आहे, तिने भिंत झाकली जात नाही, उलट अधोरेखित होते. शिवाय फुटाच्या वाफ्यात एकामागे एक दोन झाडंसुद्धा मावत नाहीत, मग खोली येणार कुठून?

म्हणून रांग मोडा. तेवढीच माती दोन-तीन ठिकाणी गोळा करून भिंतीपासून चार-पाच फूट पुढे येणारे वाफे करा आणि उरलेल्या ठिकाणी भिंतीवर नुसती वेल राहू द्या. ३०० चौरस फुटांत झाडांना साधारण १०० चौरस फूट पुरतात. बाकीची जमीन सलग मोकळी राहिली पाहिजे. सगळी मांडणी तिरकी धरा. तुमची जागा २० फूट लांब आहे, पण दाराच्या कोपऱ्यापासून समोरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर २५ फूट भरतं. पायवाट आणि बसायची जागा या तिरक्या रेषेवर आली की नजरेला ते पाच फूट जास्तीचे मिळतात.

मुख्य वाफा उजव्या भिंतीपासून पोटासारखा पाच फूट पुढे काढा, दारापासून आठ-दहा फुटांवर. त्याच्यामागे बागेचा तिसरा हिस्सा लपला पाहिजे. खणायला लागण्याआधी एक करून बघा. दोन बांबू रोवा, त्यांना जुनी साडी चार फूट उंचीला आडवी बांधा आणि दोन दिवस तशीच ठेवा. दारात उभं राहून बघा, मग खुर्चीत बसून बघा. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतो. साडीमागचा कोपरा बसल्यावर झाकला आणि उभं राहिल्यावर थोडा दिसला, की जागा बरोबर साधली. नाही साधली तर साडी हलवायला काही लागत नाही, झाड हलवायला लागतं. जागा ठरली की दोरी टाकून चुन्याच्या फक्कीने वाफ्याची रेघ मारून घ्या.

पायवाट दारापाशी तीन फूट रुंद ठेवा आणि या वाफ्यामागे वळताना दोन फुटांवर आणा. लांब गेलेली वाट आपल्याला निमुळती दिसते, ती सवय इथे उपयोगी पडते. शहाबादी फरशीचे तुकडे वापरणार असाल तर मोठे पुढे, लहान मागे. खाली चार इंच मुरूम पाणी मारून धुम्मसाने ठोकून घ्या, वर इंचभर ग्रिट, म्हणजे बारीक खडीचा चुरा. हे न करता थेट बागेच्या मातीवर फरशी टाकली की पहिल्याच पावसाळ्यात ती हलायला लागते. वळणाला काहीतरी निमित्त हवं. वाट झुडपाला वळसा घालून गेली तर पटते, मोकळ्या लॉनमध्ये उगीच नागमोडी गेली तर चेष्टा वाटते.

लॉन ठेवायचं तर गोल ठेवा, दहा फूट व्यासाचं. गोलाला कोपरे नसतात, त्यामुळे डोळा भिंतींचे कोपरे मोजत बसत नाही. गोल आणि भिंत यांच्यामधल्या वेड्यावाकड्या जागा झाडांना आपोआप मिळतात.

झाडं निवडताना पानाचा आकार आधी बघा, फूल नंतर. मोठं, रुंद पान जवळचं वाटतं आणि बारीक पान लांबचं, कारण लांबच्या झाडाचं पान आपल्याला वेगळं दिसतच नाही. म्हणून दाराजवळ बुटक्या जातीची कर्दळ तीन-तीनच्या झुबक्यात, दीड फुटावर एक, आणि तिच्या पायाशी स्पायडर लिली. मधल्या वाफ्यात तगर आणि कुंती. अगदी मागे प्लम्बॅगो आणि वाळा. वाळ्याची पाती बारीक, चार-पाच फूट उंच होतात आणि झुबका आपली जागा सोडून पसरत नाही. तुमच्याकडे सध्या क्रोटन मागच्या भिंतीला आहे, तो पुढे आणा. त्या रुंद रंगीत पानांमुळे भिंत हातभर पुढे सरकल्यासारखी दिसते.

रंगाचंही तेच. सज्जनगडाच्या बाजूचे लांबचे डोंगर निळसर दिसतात, जवळचा उतार हिरवा दिसतो. तोच क्रम बागेत लावा: लाल, केशरी, पिवळं पुढे, निळं, जांभळं, राखाडी मागे. प्लम्बॅगोची फिकट निळी फुलं मागे शोभतात. लाल जास्वंद शेवटच्या कोपऱ्यात असेल तर नजर थेट तिच्यावर जाते आणि बाग तिथेच संपते. जास्वंद काढायची गरज नाही, पुढच्या वाफ्यात हलवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला, मुळांभोवती फूटभर मातीचा गोळा ठेवून आणि वरची तिसरा हिस्सा छाटणी करून हलवली तर बहुतेक वेळा धरते.

एक झाड उंच हवंच, नाहीतर सगळं गुडघ्याच्या पातळीवर राहतं. पांढरा चाफा घ्या. भिंतीपासून किमान चार फूट, तिरक्या रेषेच्या दोन-तृतीयांशावर. खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या काढत तीन वर्षांत खोड पाच फुटांपर्यंत मोकळं करा. खोडांच्या मधून मागचं दिसत राहतं आणि डोळा झाडाच्या पलीकडे जातो. पहिल्याच वर्षी सगळं खालचं काढलं तर खोड बारीक राहतं आणि वाऱ्याने झुकतं.

भिंतीचा पांढरा रंग घालवा. पांढरी भिंत उन्हात झळकते, म्हणजे आधी तीच दिसते. शेवाळी किंवा गडद राखाडी-हिरवा रंग दिला की ती पानांच्या सावलीत मिसळून जाते. भिंतीला ओल असेल तर आधी ती बंद करा, नाहीतर वर्षभरात रंगाचे पोपडे येतील. गडद भिंत तापते हेही खरं. त्यामुळे वेल भिंतीला चिकटवू नका. भिंतीत प्लग ठोकून दोन इंच बाहेर राहतील असे हूक चार-चार फुटांवर बसवा आणि १२ गेजची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार दीड, तीन आणि साडेचार फुटांवर आडवी ताणा. त्यावर जुई किंवा लसूणवेल, पाच-सहा फुटांवर एक. फायकसची चिकटणारी वेल गिलाव्यात मुळं घालते, काढताना गिलावाही येतो. निळी थुनबर्जिया नर्सरीत फूटभर असते, दोन वर्षांत तुमच्या पाण्याच्या टाकीवर असेल. एवढ्या जागेत नको.

आणि जाती मोजून आठ-नऊ ठेवा. प्रत्येक झाड वेगळं असेल तर डोळा प्रत्येकावर अडखळतो. एकच झुबका पुढे, मध्ये, मागे असा तीनदा दिसला की मधलं अंतर मोठं वाटतं. नर्सरीत गेल्यावर हे पाळणं सगळ्यांत कठीण, हे मान्य.

प्रश्न : घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये ४ फूट रुंद, ३० फूट लांब बोळ आहे. उन्हं दुपारी दोन तासच येतात. काळी माती, पावसाळ्यात पाणी साचतं. दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवल्या तर चालायला जागा उरत नाही आणि बोळ आणखीच अरुंद दिसतो.
— वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोन्ही बाजूंच्या कुंड्या आगगाडीच्या रुळांसारखी रेघ तयार करतात. झाडं फक्त कंपाउंडच्या बाजूला ठेवा. ४८ इंचांची वाटणी अशी करा: कंपाउंडलगत १५ इंच वाफा, मग २७ इंच वाट, घराच्या भिंतीलगत ६ इंच बारीक खडी. घराला माती टेकवू नका. काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते आणि तिच्यातली ओल पायातून भिंतीत चढते.

वाफा जमिनीच्या वर काढा, ९ इंच उंच, विटांचा. तळाशी दर चार फुटांवर एक इंची पाइपचा तुकडा ठेवा, नाहीतर वाफ्याचा हौद होतो. ३० फुटांच्या वाफ्याला सुमारे २८ घनफूट माती लागेल, म्हणजे पाव ब्रासपेक्षा थोडी जास्त (ब्रास म्हणजे १०० घनफूट). खोदलेली काळी माती तशीच भरू नका. निम्मी पोयट्याची माती, पाव भाग कुजलेलं शेणखत आणि उरलेल्या पाव भागात भाताचं तूस व जाड वाळू असं मिश्रण करा. साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, सांगलीकडे सहज मिळतं आणि शेणखताऐवजी चालतंही, पण ते पूर्ण कुजलेलं, काळं, मातीचा वास येणारं असावं. हात घातल्यावर गरम लागलं तर थांबा. अशा प्रेसमडमध्ये लावलेली रोपं आठवड्याभरात माना टाकतात. वाटेला ३० फुटांत चार इंच उतार द्या आणि ड्रेनेजच्या चेंबरवर वाफा बांधू नका. तिथे चाकं लावलेली कुंडी ठेवा, म्हणजे गरज पडली की सरकवता येते.

बोळाची अडचण लांबीची आहे. ३० फूट सरळ दिसतात, म्हणून ४ फूट अपुरे वाटतात. त्याचे तीन तुकडे पाडा, पण सारखे नकोत: दारापासून १२, मग १०, मग ८ फूट. प्रत्येक जोडावर कंपाउंडच्या बाजूने वाफ्याइतकीच रुंद, सहा फूट उंच जाळी आडवी उभी करा आणि तिच्यावर मनीप्लांट किंवा सिंगोनियम चढवा. वाट अडत नाही, पण टोक एकदम दिसत नाही. फरशी आडवी लावा. लांब बाजू वाटेला आडवी आली की सांधे रुंदीच्या दिशेने धावतात; उभ्या लावल्या तर बोळ आणखी लांबतो.

वर गोडोलीच्या वाचकांना भिंत गडद करा म्हटलं, तुम्हाला उलट सांगतो. तिथे ऊन भरपूर आहे, तुमच्याकडे उजेडच कमी. दोन्ही भिंतींना किंचित पिवळसर पांढरा रंग द्या, म्हणजे दोन तासांचा उजेड खालपर्यंत पोचेल. झाडांतही पांढऱ्या छटा घ्या: पांढऱ्या पट्ट्यांचं स्पायडर प्लांट, पीस लिली, पांढुरकं सिंगोनियम. दाराशी एक मॉन्स्टेरा, शेवटी बारीक पानांचं फर्न. सावलीत पाणी हळू सुकतं. बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्या. इथे झाडं मरतात ती बहुतेक जास्त पाण्याने. आच्छादन म्हणून उसाचं पाचट या बोळात नको, घराला लागून वाळवीला आमंत्रण मिळतं. नारळाच्या शेंड्यांचे तुकडे किंवा खडी बरी.

प्रश्न : ५ बाय ९ फुटांची बाल्कनी. छत्तीस लहान कुंड्या आहेत, एकही काढवत नाही. बाल्कनी मोठी कशी दिसेल?
— वाचक, कराड

उत्तर : काढल्याशिवाय नाही दिसणार. निम्म्या कुंड्या नातेवाइकांत वाटा आणि बाकीच्यांतली झाडं १४ इंची पाच कुंड्यांत एकत्र लावा, एका कुंडीत तीन-चार. सहा इंची कुंडी एप्रिलमध्ये दिवसातून दोनदा कोरडी होते, चौदा इंचीला एकदा पाणी पुरतं, हा आणखी एक फायदा. पाचही कुंड्या एका रंगाच्या घ्या, फरशीच्या रंगाजवळच्या.

तीन एका कोपऱ्यात, दोन समोरच्या, मधली फरशी रिकामी. फरशीची भिंतीपर्यंत जाणारी कड जितकी जास्त दिसेल तितकी बाल्कनी मोठी वाटते. उंची विटांवर ठेवून बदला. जमिनीवर, एक वीट, तीन विटा. कठड्यावर सगळीकडे टांगत्या कुंड्या लावू नका, बाहेरचं सगळ्यांत चांगलं दिसतं तिथे तीन फूट मोकळे सोडा. भिजलेल्या मातीची १४ इंची कुंडी तीस-पस्तीस किलो भरते, पाचांचे दीडशेच्या वर. म्हणून कुंड्या खोलीच्या भिंतीलगत ठेवा, कठड्याच्या टोकाला नको, आणि मिश्रणात निम्मं कोकोपीट घाला.

प्रश्न : बागेच्या भिंतीवर मोठा आरसा लावला तर जागा दुप्पट दिसते असं व्हिडिओत पाहिलं. लावावा का?
— वाचक, मिरज

उत्तर : दिसते, पण कॅमेऱ्यापुढे जितकी दिसते तितकी नाही. आरशात तुम्हीच तुमच्याकडे येताना दिसलात की सगळी गंमत संपते. लावायचाच तर सावलीच्या भिंतीवर, बाजूला थोडा वळवून, म्हणजे त्यात समोरचा माणूस न येता कडेची झाडी येईल. २ बाय ४ फुटांपेक्षा लहान नको. खालची कड झुडपाने आणि बाजूच्या कडा वेलीने झाका. कड दिसली की तो आरसा, नाही दिसली तर पलीकडची बाग. दुपारचं ऊन थेट पडेल तिथे लावला तर समोरची पानं करपतात आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत झळ जाते. दयाळ आणि बुलबुल विणीच्या काळात आपल्याच प्रतिबिंबावर झडप घालतात. तसं दिसलं तर काही आठवडे आरशावर कापड टाका.

आमचं मत विचाराल तर आरशापेक्षा पाण्याचं टोपलं बरं. दोन फूट रुंद, फूटभर खोल, आतून काळं. त्यात ८०-९० लिटर पाणी मावतं. खुर्चीत बसल्यावर त्यात आभाळ दिसेल अशी जागा शोधा. त्यासाठी आधी ताटात पाणी घेऊन ठिकठिकाणी ठेवून बघा. जमिनीवर आभाळाचा तुकडा आला की जागा वरच्या बाजूने उघडते. डासांसाठी आठ-दहा गप्पी मासे सोडा. सिमेंटचं नवं टोपलं असेल तर दोन-तीन आठवडे पाणी भरून, बदलून मगच मासे सोडा; नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. कमळाची पानं सगळा पृष्ठभाग झाकत असतील तर काढत जा, निम्मं पाणी उघडं हवं.

प्रश्न : १५ बाय १८ फुटांच्या परसात जुनं आंब्याचं झाड आहे. फांद्या पाच फुटांवर आल्या आहेत, खाली अंधार, काही उगवत नाही. घरच्यांचं म्हणणं, झाड काढलं तर परस मोठा दिसेल.
— वाचक, वाई

उत्तर : परस मोकळा दिसेल, मोठा दिसेलच असं नाही. आंबा गेला की चारही भिंती उघड्या पडतील आणि आत्ता सावलीत हरवलेली प्रत्येक कड मोजता येईल. शिवाय नगरपालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. मोठ्या फांद्या काढायच्या असतील तरी आधी नगरपालिकेत विचारून घ्या.

तुम्हाला झाड नाही, छत वर उचलायचं आहे. खालच्या फांद्या काढून बुंधा आठ-नऊ फुटांपर्यंत मोकळा केला की तीच सावली मांडवासारखी होते आणि नजर बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी मागच्या भिंतीपर्यंत जाते. पण एका वर्षात पाव हिस्स्यापेक्षा जास्त पसारा काढू नका, हे काम दोन-तीन हंगामांत करा. फळं उतरल्यावर लगेच, जोराचा पाऊस लागण्याआधी. जास्त काढलं तर आतली, आजवर सावलीत असलेली साल उन्हाने भाजते आणि झाड ठिकठिकाणी उभे फुटवे सोडतं.

जाड फांदी एका घावात कापू नका. ती स्वतःच्या वजनाने खाली येताना बुंध्याची साल हातभर सोलून आणते आणि ती जखम वर्षानुवर्षं भरत नाही. पहिला काप बुंध्यापासून फूटभर अंतरावर, खालून, फांदीच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसरा त्याच्या दोन-तीन इंच पुढे, वरून. फांदी इथे तुटून पडते आणि साल खालच्या कापापाशी थांबते. उरलेला खुंट शेवटी काढा. फांदी बुंध्याला मिळते तिथे सुजल्यासारखी वळी असते, ती वळी शाबूत ठेवून तिच्या बाहेरून कापा. वळीसकट सपाट कापलं तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजून आत पोकळी होते. आंब्याचा चीक भाजतो. पूर्ण बाह्या आणि चष्मा हवा. उंचावरची जाड फांदी असेल तर दोर लावणारा माणूस बोलवा.

जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी भांडं नको. चुना विरून गार झाल्यावर दोन्ही एकत्र करा. त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडी चुन्याची निवळी घाला. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी उपयोग नाही.

खाली हळद लावा. मे-जूनमध्ये गड्डे, रुंद पानं पावसाळाभर, थंडीत पानं वाळली की काढणी. सावलीचा अर्धा तुकडा पुरतो. बुंध्यालगत ओटा बांधून माती चढवायचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळा. बुंधा मातीत गाडला की साल कुजते. बाक ठेवायचा तर बुंध्याला टेकवून न ठेवता मागच्या भिंतीकडे, आंब्याच्या पलीकडे ठेवा. चालत जाऊन बसायला कुठेतरी असलं की परस लांब वाटतो.

प्रश्न : पाणी टँकरचं. १२ बाय १२ चं अंगण आहे. मोठी बाग दिसावी, पण रोज पाणी घालणं शक्य नाही.
— वाचक, जत

उत्तर : तुमच्याकडचा कोरडेपणा इथे कामाला येतो. कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांची पानं बहुधा बारीक किंवा राखाडी असतात आणि मागच्या बाजूला आपल्याला तीच हवी असतात. मागे टेक्सास सेज, तीन-तीन फुटांवर तीन. राखाडी पान, जांभळं फूल. मध्ये एक चाफा. पुढे कोरफड आणि अडेनियम, त्यांच्या पायाशी ऑफिस टाइमची (पोर्तुलाका) बुटकी फुलझाडं. घायपात दिसायला छान, पण १२ फुटांच्या अंगणात त्याचे काटे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. बोगनवेल एकच आणि कोपऱ्यात. गडद गुलाबी न घेता पांढरी घेतलीत तर ती मागे राहते.

उरलेल्या जमिनीवर दोन इंच मुरूम किंवा खडी, एकाच रंगाची. लॉनचा विचार सोडा. चाफ्याला आणि वेलीला मडकं गाडा: दहा लिटरचं, पक्कं भाजलेलं पण आतून-बाहेरून रंग न दिलेलं, खोडापासून फूटभर लांब, तोंड जमिनीच्या वर दोन इंच. वर झाकण, नाहीतर डास होतात. पाणी झिरपून मुळांना मिळतं. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी भरावं लागतं. काही महिन्यांनी पाणी उतरायचं मंदावलं तर क्षारांनी छिद्रं बुजली असं समजा. मडकं काढून काथ्याने घासून पुन्हा गाडा.

प्रश्न : आम्ही बागेत बसतो ते संध्याकाळी सातनंतरच. अंधारात बाग आणखी लहान वाटते.
— वाचक, कोरेगाव

उत्तर : व्हरांड्यातला दिवा बंद करा. तुम्ही उजेडात बसलात की पलीकडे नुसता काळोख दिसतो. दोन लहान, पिवळसर दिवे बागेच्या शेवटी, झुडपामागे, जमिनीलगत ठेवा आणि त्यांचं तोंड भिंतीकडे करा. पुढे उजेड नको. पांढरी फुलं मागे लावा: तगर, अनंत, मोगरा. दिवसा मागे निळं आणि रात्री मागे पांढरं, दोन्ही एकाच वाफ्यात बसतात. रातराणी एकच आणि बसायच्या जागेपासून दहा फूट तरी लांब लावा, कारण जवळून तिच्या वासाने डोकं धरतं.